पंचाहत्तर रुपये आणि वीस वर्षे

फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ रोजी पुण्यात सुरू झाले. ते चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सभासदांची पद्धत होती. सभासदाने संस्थेला वीस वर्षे द्यायची आणि महिना पंचाहत्तर रुपयांत भागवायचे. गोपाळ कृष्ण गोखले या अटीवर राहिले, धोंडो केशव कर्वे राहिले. र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले; हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मोठ्या पगाराची सरकारी जागा त्यांना सहज मिळाली असती. ते परत आले आणि त्याच पंचाहत्तर रुपयांवर फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले.

ही हकिगत आपण शाळेपासून त्यागाची गोष्ट म्हणून ऐकत आलो. त्याग म्हटले की हात जोडायचे आणि आपापल्या वाटेने जायचे, एवढेच वाचणाऱ्याच्या हाती उरते. मला या हकिगतीत त्यागापेक्षा हिशेब जास्त दिसतो. या माणसांनी पैशाच्या प्रश्नाकडे पाठ फिरवली नव्हती. तो त्यांनी आकड्यांत मांडला, रक्कम ठरवली, मुदत ठरवली आणि त्यावर सही केली. ‘आणखी किती मिळवायचे’ हा विचार माणसाच्या डोक्यात केवढी जागा अडवतो, हे ज्याचे त्याला माहीत असते. ती जागा मोकळी झाली म्हणून तिथे गणित, अर्थशास्त्र, स्त्रीशिक्षण आणि देशाचे राजकारण मावू शकले. या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या माणसांवरचे आहेत. त्यांना एकत्र बांधणारा धागा हा हिशेब आहे.

असे पुस्तक आज का काढावे, हा प्रश्न रास्त आहे. ध्येयवादी माणसांची चरित्रे मराठीत कमी नाहीत. बदलला आहे तो वाचक. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या मराठी मध्यमवर्गीय घरात महिनाअखेरीला एकच चर्चा असायची: भागेल का? वडील शाळेत मास्तर, नाहीतर बँकेत, कचेरीत किंवा एसटीत. किराणा वहीवर यायचा आणि दिवाळीचा बोनस कशासाठी, हे गणपतीतच ठरलेले असायचे. १९९१ नंतर या घरांतली मुले हिंजवडीला, बंगळुरूला, न्यू जर्सीला गेली. पगाराची जागा पॅकेजने घेतली. वडिलांना निवृत्तीच्या वेळी मिळाले नाही एवढे मुलाला तिशीत मिळू लागले. ही काही वाईट गोष्ट नव्हे. ज्या घराने पैशाची ओढाताण पाहिली आहे, त्याला पैशाची किंमत कुणी शिकवू नये.

पण या मुलांची आता पंचेचाळिशी उलटली आहे. फ्लॅट झाला, गाडी झाली, गृहकर्जाचे हप्ते संपत आले, मुलगी बारावीला पोचली. आणि दोन भावना एकाच वेळी घरात शिरल्या आहेत. एक, नोकरी कधीही जाईल ही भीती. दुसरी, ही नोकरी आणखी पंधरा वर्षे अशीच चालली तर आपले काय होईल, ही त्याहून खोल भीती. पहिलीबद्दल मित्रांशी बोलता येते. दुसरीबद्दल बोलायची सोय नसते. कारण ‘तुला काय कमी आहे’ हे उत्तर आधीच तयार असते. हे पुस्तक मुख्यतः या दुसऱ्या भीतीसाठी आहे.

या भीतीवर बाजारात औषधे पुष्कळ आहेत. पुस्तकांच्या दुकानात दर्शनी फळीवर ‘इकिगाई’ असतेच. आवडते ते, जमते ते, जगाला हवे ते आणि ज्याचे पैसे मिळतात ते, अशी चार वर्तुळे काढायची आणि ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे आपल्या जीवनाचा हेतू सापडतो, असे ते प्रसिद्ध चित्र. ते ओकिनावाच्या म्हाताऱ्यांनी काढलेले नाही. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश लेखकाची चार वर्तुळांची आकृती आधीच होती. मार्क विन नावाच्या ब्रिटिश माणसाने २०१४ साली तिच्या मधोमध जपानी शब्द बसवला आणि चित्र जगभर गेले. चित्र कुठून आले यापेक्षा ते काय गृहीत धरते, ही माझी तक्रार आहे. हेतू कुठेतरी तयार पडलेला आहे, खुर्चीत बसून नीट विचार केला की सापडेल, आणि सापडला की त्याचे पैसेही मिळतील, अशी त्यात ग्वाही आहे. या पुस्तकातल्या एकाही माणसाचे तसे झालेले नाही.

दुसरे औषध आकडेवारीचे. २०१० मध्ये डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या पाहण्यांवरून असे मांडले की उत्पन्न वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास पोचेपर्यंत माणसाचे रोजचे समाधान वाढते, पुढे थांबते. हा निष्कर्ष वर्तमानपत्रांनी उचलून धरला. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना समाधान त्या रकमेपुढेही वाढताना दिसले. मग कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी भांडत न बसता सगळी माहिती एकत्र तपासली आणि २०२३ मध्ये सांगितले की बहुतेकांचे समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच राहते. जे मुळात सर्वांत दुःखी असतात, त्यांचे मात्र एका रकमेनंतर वाढायचे थांबते. हे मी मुद्दाम लिहीत आहे. ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्तात वापरले जाते आणि ते वापरणाऱ्याचे स्वतःचे बहुधा बरे चाललेले असते. पैशाने सुख वाढते, हे मान्य करून पुढे जाऊ. प्रश्न सुखाचा नाही. सकाळी उठल्यावर हातात कोणते काम घ्यायचे आणि कुणासाठी, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अशा पाहणीत मिळत नाही.

मग ते कसे मिळते? पुस्तकातली माणसे शेजारी शेजारी ठेवल्यावर मला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट आकड्याची. ज्यांनी पैशापलीकडचे काम दीर्घकाळ केले, त्यांनी पैशाबद्दल आधी काहीतरी पक्के ठरवलेले असते. गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदाच्या शपथांत हेही घातले की स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्तीचा कोणताही भाग खर्च करणार नाही आणि समाज कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानीन. मेळघाटातल्या बैरागडला गेलेल्या डॉ. रवींद्र कोल्हे यांनी लग्नाआधी घातलेल्या अटी आता सर्वांना ठाऊक आहेत. त्यांतली एक होती महिना चारशे रुपयांत संसार करण्याची. नागपुरात होमिओपॅथीचा व्यवसाय असलेल्या स्मिताताईंनी ती मान्य केली. ‘थोडक्यात भागवू’ असे मोघम बोलणे वेगळे आणि चारशे म्हणणे वेगळे. मोघम संकल्प पहिल्या आजारपणात नाहीतर मुलाच्या पहिल्या फीला मोडतो. आकड्यावर निदान भांडता येते, तो बदलता येतो.

भांडणे झालीही. पंचाहत्तर रुपयांची व्यवस्था गोडीगुलाबीने चालली असे कुणी समजू नये. पगारवाढ द्यावी का, सभासदाने बाहेरची कामे घ्यावीत का, बाहेरून आलेला पैसा कुणाचा, यांवरून डेक्कन एज्युकेशन सोसायटीत वर्षानुवर्षे खटके उडाले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा टिळकांनी त्याला हरकत घेतली, आणि १८९० मध्ये ज्या संस्थेच्या उभारणीत ते पहिल्यापासून होते तिचाच राजीनामा दिला. आपल्याकडे या वादाकडे टिळक-आगरकर मतभेदाच्या अंगाने पाहिले जाते. मला त्यात आणखी काही दिसते. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे ध्येयवादी माणसांनाही एकदा ठरवून कायमचे सोडवता आले नाही. घरात मुले वाढतात, दुखणी येतात, महागाई होते. आकडा पुन्हा पुन्हा मांडावा लागतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

आकडा कमीच हवा, असेही नाही. महात्मा फुले ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले. ते धंदा करत, त्यात मिळवत आणि मिळवलेले शाळांना, सत्यशोधक समाजाच्या कामाला लावत. ज्याच्या पदरी स्वतःचा पैसा आहे त्याला सरकारपुढे आणि सावकारापुढे मान ताठ ठेवून बोलता येते. भाऊराव पाटील १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढण्याआधी ओगल्यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा माल खपवत गावोगाव हिंडले होते. खेड्यातला शेतकरी त्यांना आधी गिऱ्हाईक म्हणून भेटला. त्याच्या मुलाला शाळा नाही, हे त्या फिरतीत दिसले. त्यांच्या वसतिगृहांतून पुढे ‘कमवा आणि शिका’ ही रीत रुजली. पैसा वाईट म्हणणाऱ्याला ती सुचली नसती. तेव्हा या पुस्तकाला पैशाविरुद्धचे पुस्तक समजू नये. पैसा नोकर असला तर उत्तम. मालक होऊन बसला की त्याला रजा द्यायची वेळ येते.

दुसरी गोष्ट: काम शोधून सापडले नाही, ते आडवे आले. बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करत होते. घरची जमीनजुमल्याची सुबत्ता होती. सफाई कामगारांच्या संघटनेचे काम करत असताना भर पावसात गटाराशेजारी पडलेला एक कुष्ठरोगी त्यांनी पाहिला आणि ते घाबरून तिथून पळाले. हे बाबांनी स्वतःच सांगितलेले आहे. कुणालाही न भिणारा माणूस आपण, आणि एका मरणाऱ्या माणसाला भ्यालो, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, १९५१ मध्ये आनंदवन सुरू झाले. त्यांनी आपल्या आवडीचे काम निवडले, असे म्हणायला मन धजत नाही. ज्याची भीती वाटली त्याच्याकडे ते चालत गेले. चार वर्तुळांच्या चित्रात या वाटेला जागाच नाही.

कर्व्यांचे काम त्यांच्या घरातून आले. पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. एका लग्नाने एका बाईचा प्रश्न सुटला. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न त्यानंतर सुटेना. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि हिंगण्याला चालत जात. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्यांचे वय ५८ होते. आज त्या वयात माणूस भविष्यनिर्वाह निधीचे कागद जुळवत असतो. आश्रमाच्या आरंभी विद्यापीठ त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. काम करता करता पुढचे काम दिसत गेले.

कोल्हे दांपत्याचेही तसेच. औषधे द्यायला गेलेल्या डॉक्टरांच्या लक्षात आले की न्युमोनियाच्या मागे अंगावर पुरेसे कपडे नसणे आहे, कुपोषणाच्या मागे घरात धान्य नसणे आहे. मग शेती शिकावी लागली, रेशन दुकानाच्या व्यवस्थेत लक्ष घालावे लागले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८६ मध्ये गडचिरोलीला गेले. संशोधन कशावर करायचे, हे त्यांनी पुस्तकांतून ठरवले नाही. गावांना विचारून ठरवले. नवजात बाळे मरत होती आणि दवाखाना दूर होता. गावातल्या बायकांना शिकवून घरातच बाळाची काळजी घेण्याची पद्धत त्यांनी बसवली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे अनेक गरीब देशांनी ती उचलली. ‘माझ्या बुद्धीला कुठे वाव मिळेल’ असे विचारत ते बसले असते तर तो वाव अमेरिकेत भरपूर होता.

सगळ्यांनीच नोकरी-धंदा सोडला असेही नाही. पुण्याचे दिनकर केळकर चष्म्याचे दुकान चालवत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करत. जुने दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे, लोकांच्या वापरातल्या वस्तू गोळा करायचा नाद त्यांना लागला, तो जन्मभर सुटला नाही. गावोगाव फिरून, पदरचे पैसे घालून जमवलेला हा संग्रह लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने १९६२ मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि १९७५ मध्ये त्यांनी तो राज्य सरकारच्या हवाली केला. वीस हजारांच्या घरात वस्तू. एकही विकली असती तर धंदा झाला असता. दुकानाने घर चालवले आणि घराबाहेरच्या वेळाने संग्रहालय उभे केले. राजीनामा लिहायला हात शिवशिवत असलेल्या वाचकाने केळकरांवरचा लेख आधी वाचावा, अशी माझी शिफारस आहे.

तिसरी गोष्ट सांगायला अवघड आहे आणि ती चरित्रांत बहुतेक वेळा एका परिच्छेदात उरकली जाते. एकाच्या ध्येयाचा खर्च घरातल्या दुसऱ्याने भरलेला असतो. भाऊरावांच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आगरकर १८९५ मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी गेले. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस असे आईला त्यांनी कळवले होते, ते पत्र आपल्याला ठाऊक असते, मागे राहिलेल्या यशोदाबाईंनी पुढची वर्षे कशी काढली हे ठाऊक नसते. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे पूर्वीच्या गोदूबाई, यांनी ‘माझे पुराण’ लिहिले आणि संस्थेला वाहिलेल्या नवऱ्याबरोबर संसार रेटणे म्हणजे काय असते ते मोकळेपणाने सांगितले. साधनाताई आमट्यांच्या ‘समिधा’तही आनंदवन स्वयंपाकघराच्या बाजूने दिसते. आणि मागे गेलो तर देहूला तुकोबांच्या पत्नी जिजाबाई आहेतच. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही परंपरेने सांगितलेली कथा आपल्याला प्रिय आहे. दुष्काळाने दिवाळे काढलेल्या घरात, पोरांच्या ताटात काय वाढायचे, हा प्रश्न त्या दिवशी जिजाबाईंपुढे होता. लोकांनी त्यांना शतकानुशतके कजाग ठरवले. मला त्यांची बाजू ऐकून घ्यावीशी वाटते.

या बाबतीत सर्वांत विचार करायला लावणारे घर रघुनाथ धोंडो कर्व्यांचे. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वर्गणीदार थोडे, खटले मात्र झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध गेला. सव्वीस वर्षे हे सगळे कुणाच्या जोरावर चालले? त्यांच्या पत्नी मालतीबाई नोकरी करत होत्या. मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांचा होता. इथे पत्नी मागे फरफटत आलेली दिसत नाही. ती बरोबरीची भागीदार आहे. ध्येय एकाचे आणि संमती दुसऱ्याची, यापेक्षा ध्येयच दोघांचे, ही व्यवस्था टिकाऊ असते. पुस्तकातल्या ज्या घरांत ती होती, त्या घरांवरचे लेख लिहायला मला सोपे गेले.

रघुनाथरावांचे नाव आणखी एका कारणासाठी घेतो. ध्येय धरले की यश येतेच, असे आश्वासन हे पुस्तक देत नाही. त्यांच्या हयातीत त्यांना वाट्याला आली ती मुख्यतः टिंगल. आज सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर जे लिहिलेले असते ते तेव्हा अश्लील ठरले होते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० ते १९२७ या काळात ज्ञानकोशाचे खंड काढले, त्यासाठी मंडळी उभारली, वर्गणीदार मिळवत वणवण केली. एवढे मोठे काम करून १९३७ मध्ये ते गेले ते हलाखीतच. त्यांच्या आयुष्याचा हिशेब बँकेच्या पासबुकात मांडला तर उत्तर शून्याच्या खाली येते. कोशाच्या खंडांत मांडला तर वेगळे येते. कोणते पुस्तक पुढे ओढायचे, हे ज्याने त्याने ठरवायचे असते. पण दुसरे उघडले तरी पहिले बंद होत नाही, हे विसरू नये. घरमालक भाडे मागायला येतोच.

या पुस्तकात कोण नाही, तेही सांगितले पाहिजे. आधी कोट्यवधी मिळवून मग दान करणारे उद्योगपती इथे नाहीत. त्यांच्या दानाचा मी अनादर करत नाही. पण वाचकासमोरचा प्रश्न तो नाही. सगळे सोडून हिमालयात गेलेलेही नाहीत. आणि ज्यांना हा प्रश्न विचारायची चैनच परवडत नाही, त्यांच्यावर मी लिहिलेले नाही. विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याच्या विधवेला, बीडहून कोयता घेऊन कारखान्याच्या गाडीत चढणाऱ्या जोडप्याला, मुंबईच्या नाक्यावर सकाळी सातला कामाची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला ‘पैशामागे धावू नका’ असे सांगणे निर्लज्जपणाचे आहे. त्यांना आधी पैसाच हवा आहे, आणि तो वेळेवर हवा आहे. उलट, ज्यांचे भागले आहे त्यांच्या हेतूत या माणसांना कुठे जागा आहे का, असे विचारून पाहावे. या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कामाचा उगम तिथेच आहे.

थोर माणसांची नावे वाचून वाचक मनात म्हणतो, ही मोठी माणसे, आपले काय. म्हणून शेवटचा भाग साध्या कामांवर आहे आणि त्यात कुणाचेही नाव नाही. महाराष्ट्रातली किती सार्वजनिक वाचनालये एखाद्या मानद कार्यवाहाच्या खांद्यावर चालतात. संध्याकाळी दुकान बंद करून तो येतो, जमाखर्च लिहितो, अनुदानाच्या कागदांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालतो आणि पुस्तक परत न आणणाऱ्याच्या घरी जातो. सह्याद्रीत कुणी दरीत अडकले की दोर घेऊन रात्री निघणारी गिर्यारोहक मुले दिवसा नोकऱ्या करतात. निवृत्तीनंतर तालुक्याच्या गावी दहावीच्या पोरांचे फुकट गणित घेणारे मास्तर अजून आहेत. यांना कुणी ‘तुमच्या जीवनाचा हेतू काय’ असे विचारले तर ते गोंधळतील. त्यांच्याकडे उत्तर नसते, काम असते. हे लेख लिहिताना माझे मत असे झाले की हेतू हा आधी नसतोच. एका कामाला माणूस दहा-वीस वर्षे चिकटून राहिला की मागे वळून पाहणारे त्याला हेतू म्हणतात.

हे मत मान्य केले तर तरुणांना द्यायचा सल्ला बदलतो. ‘तुझी आवड ओळख’ असे अठरा वर्षांच्या मुलाला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याने अजून पाहिले काय आहे? त्याला जग दाखवावे लागते. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने २००६ पासून चालवलेल्या ‘निर्माण’ उपक्रमात डॉक्टर, इंजिनियर झालेली किंवा होऊ घातलेली मुले गडचिरोलीत येतात, गावांत राहतात, खरे प्रश्न आणि ते सोडवू पाहणारी खरी माणसे पाहतात. सगळीच काही तिथे राहत नाहीत, आणि राहावीत अशी अपेक्षाही करू नये. पण कोणता प्रश्न आपल्याला झोपू देत नाही, हे कळण्यासाठी तो प्रश्न आधी डोळ्यांना दिसावा लागतो. कोचिंगच्या वर्गातून वसतिगृहात आणि वसतिगृहातून कंपनीच्या बसमध्ये गेलेल्या मुलाला तो दिसणार कधी?

लेख कोणत्याही क्रमाने वाचावेत. घाई असेल तर रघुनाथ कर्वे आणि दिनकर केळकर हे दोन लेख पुरतील; एकाने सगळे पणाला लावले, दुसऱ्याने काहीही न सोडता काम उभे केले. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. आपली कोणती, हे आपल्या कर्जाच्या हप्त्यावर, आईवडिलांच्या वयावर आणि घरातल्या जोडीदाराच्या मनावरही ठरते. त्याची लाज वाटू देऊ नये. परिस्थिती ध्यानात न घेता धरलेले ध्येय घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मानेवर बसते, हे वर सांगितलेच आहे.

एक विनंती पालकांना करतो. आपण मुलांना बाबा आमट्यांचे चरित्र वाढदिवसाला भेट देतो आणि बारावीच्या निकालाच्या दिवशी पॅकेजचे बोलतो. मुले हे बघत असतात. हे पुस्तक त्यांच्या हाती देण्याआधी तुम्ही स्वतः वाचा. आणि तुमच्या मुलाने किंवा मुलीने एखाद्या दिवशी कमी पगाराचे पण मनापासूनचे काम धरायचे म्हटले, तर रागावू नका आणि भारावूनही जाऊ नका. कागद-पेन घेऊन तिच्याशेजारी बसा. घरभाडे, प्रवास, आजारपण, लग्न झाल्यावरचा खर्च, सगळे मांडा. किती पुरेल ते दोघांनी मिळून ठरवा. कमी पडेल ते काही वर्षे तुम्ही देऊ शकत असाल तर तसे सांगा, देऊ शकत नसाल तर तेही सांगा. तिला आशीर्वादापेक्षा या मदतीची गरज जास्त आहे.